डावा हात वर करणारे

मालिनी सहस्रबुद्धेला एक खोड होती. दिसेल त्या गोष्टीला 'असं का?' म्हणून विचारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. चिंचवडच्या शाळेत अठरा वर्षं गणित शिकवून झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनला येऊन सहा वर्षं झाली, सत्तेचाळिसावं लागलं, तरी खोड काही गेली नाही. उलट इथे तिला रान मोकळं मिळालं. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला बंदी का? जिना झाडायची पाळी आली की शेजारच्या दाराला पाटी का लटकते? शिरीष, म्हणजे तिचा नवरा, दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून घरी यायचा आणि म्हणायचा, "मालिनी, तसं आहे म्हणून तसं आहे. आधी जेवूया का?"

गेल्या सप्टेंबरपासून मात्र या खोडीला चांगलाच खुराक मिळू लागला होता. गावातल्याच एका शाळेत ती पुन्हा फळ्यासमोर उभी राहिली होती. अजून पूर्ण शिक्षिका म्हणून नव्हे. बाहेरच्या देशात शिक्षक झालेल्या माणसाला इथे आधी एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्याचं नाव आनपासुंग्सलेअरगांग. हा शब्द तिने पहिल्यांदा एका दमात म्हटला तेव्हा शिरीषने टाळ्या वाजवल्या होत्या. घरात सगळे त्याला नुसतं लेअरगांग म्हणत.

पहिल्या दिवशी ती सातवीच्या वर्गात गेली आणि सवयीने दाराशी थांबली, मुलं उठून उभी राहतील म्हणून. मुलं उठली नाहीत. ती थांबली म्हणून मुलंही थांबली. सव्वीस मुलं आणि एक बाई चांगली मिनिटभर एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने काळजीने विचारलं, "तुम्हाला काही हवंय का?" ही लेओनी. दोन वेण्या, दातांना तार, आणि मनात आलेलं तोंडावाटे बाहेर पडायला अर्धा सेकंद. सहस्रबुद्धे हे आडनाव आठवड्याभरात बिनचूक म्हणायला शिकलेली पहिली मुलगी हीच. शिक्षकांना ते अजून जमलेलं नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत तर पहिल्याच आठवड्यात मालिनीने घोळ घातला. फडताळातला एक रिकामा कप घेऊन तिने त्यात चहा केला आणि सगळी खोली एकदम गप्प झाली. तो कप एका चित्रकलेच्या शिक्षकांचा होता. गेली अकरा वर्षं त्यांचाच होता. "इथे माणूस बदलून चालतो, कप नाही," हेबर्ले बाई तिच्या कानाशी म्हणाल्या. फ्राउ हेबर्ले म्हणजे तिच्यावर देखरेखीला नेमलेल्या गणिताच्या ज्येष्ठ शिक्षिका. साठीच्या, स्वतः विणलेला स्वेटर घालणाऱ्या आणि दर तिसऱ्या वाक्याला 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणणाऱ्या. मालिनीच्या सगळ्या 'का'ची उत्तरं त्या मधल्या सुट्टीत, सफरचंद कापता कापता देत.

त्यातलं एक उत्तर मालिनीला फार दिवस पचलं नाही. इथे वर्गात बोलण्याचे मार्क असतात. मूल कितीही हुशार असो, पेपर कितीही चांगला लिहो, तासाला तोंड उघडलं नाही तर त्याची श्रेणी खाली येते. चिंचवडला तिच्या वर्गाची ख्याती होती ती टाचणी पडली तरी ऐकू येईल याबद्दल. त्या शांततेचं तिने अठरा वर्षं कौतुक ऐकलं होतं. आता ती फ्राउ हेबर्लेंना म्हणाली, "म्हणजे गप्प बसणाऱ्याला शिक्षा?"

"शिक्षा नाही," फ्राउ हेबर्ले म्हणाल्या. "पण तो विचार करतोय की झोपलाय, हे मला कळणार कसं?"

असं सगळं कुतूहलात चाललं होतं, आणि मग मार्च उजाडला. मार्चमध्ये मालिनीची लेअरप्रोबे होती, म्हणजे परीक्षेचा तास. शिक्षक-प्रशिक्षण केंद्रातून हेर क्रेमर येणार, वर्गात मागे बसणार, पंचेचाळीस मिनिटं बघणार आणि निकाल देणार. पास झाली तर नव्या वर्षापासून ती इथली पक्की शिक्षिका. नापास झाली तर दुपारच्या सत्रात मुलांच्या गृहपाठावर लक्ष ठेवायचं काम तेवढं उरणार होतं. पुन्हा परीक्षा देता येत नव्हती, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

आणि तिला पुन्हा शिक्षिका व्हायचं होतं. ही गोष्ट ती शिरीषलासुद्धा नीट सांगू शकली नव्हती. चिंचवडला भाजी घ्यायला गेली तरी पलीकडून कुणीतरी 'मॅडम' म्हणून हाक मारायचं. इथे सहा वर्षं ती अन्वीची आई होती, शिरीषची बायको होती, आणि जर्मनच्या क्लासमधली सगळ्यात वयस्क विद्यार्थिनी होती. फळ्यासमोर उभी राहिली की तिला आपण पुन्हा आपल्या मापाचे झालो असं वाटायचं.

तासाचा विषय ठरला होता: त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज. प्रत्येक मुलाने कागदाचा त्रिकोण कापायचा, तिन्ही कोपरे फाडायचे, एकाला एक जोडून ठेवायचे. मग मुलांना दिसणार की कुणाचाही त्रिकोण घ्या, लांबट घ्या, पसरट घ्या, कोपरे जोडले की सरळ रेषा होते. एकशे ऐंशी अंश. तासाच्या अकरा पानी आराखड्यात तिने लिहिलं होतं: 'विद्यार्थी हा नियम स्वतः शोधून काढतात.' हाच पाठ तिने चिंचवडला तीनदा साहेबांसमोर घेतला होता आणि तिन्ही वेळा शेरावहीत 'उत्कृष्ट' मिळवलं होतं.

साहेब येणार म्हटल्यावर काय करायचं असतं हे मालिनीला कुणी शिकवायला नको होतं. चिंचवडला आठ दिवस आधीपासून शाळेचं वारं बदलायचं. भिंतींवरचे तक्ते पुसले जायचे, फळ्यावर रंगीत खडूंनी सुविचार यायचा, चहा-पोह्यांची जबाबदारी वाटली जायची. आणि मुख्य म्हणजे तास आधी एकदा जसाच्या तसा घेतला जायचा. कोण काय विचारणार, कोण काय उत्तर देणार, सगळं ठरलेलं. शिवाय हातांची खूण असायची. साहेबांसमोर प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाई फक्त उजव्या हातांना उठवणार. साहेब खूश, मुलं खूश, मुख्याध्यापक सगळ्यात खूश.

यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात, तसंच हे.

पोह्यांचं तिने फ्राउ हेबर्लेंना विचारून पाहिलं. फ्राउ हेबर्लेंच्या हातातली सुरी सफरचंदात तशीच राहिली. "परीक्षकाला खायला? छे, फ्राउ सहस्र... नाही. पाणीसुद्धा नाही. तो स्वतःची बाटली घेऊन येतो." पोहे रद्द झाले. रंगीत तालमीचं मात्र तिने विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे हेच तिच्या डोक्यात आलं नाही.

म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने सातवीत तो तास घेतला. त्रिकोण कापले, कोपरे फाडले, जोडले. मुलांना मजा आली. एम्रे नावाच्या मुलाने तर तीन वेगवेगळे त्रिकोण फाडून पाहिले. शेवटी एकशे ऐंशी फळ्यावर आलं आणि मालिनी म्हणाली, "छान. उद्या आपण हेच पुन्हा करणार आहोत. पाहुणे येणार आहेत."

लेओनीचा हात वर गेला. "फ्राउ सहस्रबुद्धे, कागदावर एकशे ऐंशी होतात. पण बॉलवर त्रिकोण काढला तर?"

प्रश्न फार सुरेख होता. मालिनीला तो ऐकताक्षणी आवडला, आणि दुसऱ्याच क्षणी उद्याचा तास आठवला. हे पोरगं उद्या साहेबांसमोर हे विचारणार आणि अकरा पानांचा आराखडा कोसळणार. ती म्हणाली, "तो प्रश्न आत्ता नको. आणि उद्याही नको."

लेओनीने हात खाली घेतला. नुसताच खाली घेतला, काही बोलली नाही. लेओनी काही बोलली नाही हे खरं म्हणजे मालिनीच्या लक्षात यायला हवं होतं.

संध्याकाळी जेवताना तिने घरात जाहीर केलं की वर्ग अगदी तयार आहे, आज सगळं करून घेतलं. अन्वी तेरा वर्षांची, याच शाळेत आठवीत. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तरं जर्मनमध्ये यायची. तिने घास तसाच ठेवला. "ममा, दास इस्ट डोख बेट्रूग."

"फसवणूक कसली त्यात?" मालिनी म्हणाली. "प्रॅक्टिस आहे ती. तू पियानोची करत नाहीस?"

"पियानोत मी असं नाही म्हणत की हे मला आत्ताच सुचलं," अन्वी म्हणाली. तेही जर्मनमध्येच.

शिरीषने आमटी वाढून घेतली आणि दोघींपैकी कुणाच्याच बाजूने बोलला नाही. इतक्या वर्षांत तो एवढं शिकला होता. तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "साहेब उद्याच ना गं? चहा साखरेचा की बिनसाखरेचा, ते आधी विचारून घे."

"अहो आई, इथे ते पाणीसुद्धा घेत नाहीत."

"मग कसं व्हायचं?" सासूबाई खरोखरच काळजीत पडल्या.

त्यानंतर रुपेशचा फोन आला. रुपेश तिचा चिंचवडचा विद्यार्थी, आता जर्मनीतच गार्चिंगला पीएचडी करत होता. बाई जर्मनीत आहेत हे कळल्यापासून महिन्यातून एकदा तरी फोन करायचा. "मॅडम, ऑल द बेस्ट. पोरांना उजवा-डावा हात शिकवलात की नाही?"

ती हसली. "जर्मनमध्ये ते समजावून सांगायचं माझ्या जिवावर आलं."

"मी कायम डावा," रुपेश म्हणाला. "सातवीचं सगळं वर्ष डावा हात. दंड दुखायचा."

"आणि आता बघ कुठे पोचलास," ती म्हणाली, आणि फोन ठेवून साडीला इस्त्री करायला गेली.

दुसऱ्या दिवशी हेर क्रेमर स्वतःची बाटली घेऊन आले. उंच, किडकिडीत गृहस्थ. मागच्या बाकाजवळ गुडघे दुमडून बसले, आराखडा उघडला, पेन्सिल काढली. शेजारी फ्राउ हेबर्ले बसल्या. मालिनीने फळ्यावर त्रिकोण काढला आणि आराखड्याच्या दुसऱ्या पानावरचा प्रश्न विचारला: "याचे तीन कोपरे फाडून एकमेकांना जोडले तर काय होईल? अंदाज सांगा."

सव्वीसपैकी एकही हात वर आला नाही.

ज्या वर्गाला गप्प करायला रोज नाकी नऊ यायचे, तो वर्ग तिच्याकडे नुसता बघत होता. मुलं तिला मदत करायला अगदी तयार होती, पण नेमकं काय केलं म्हणजे मदत होईल हे त्यांना कळत नव्हतं. मग लेओनीने हळूच हात वर केला. मागे ऐकू जाऊ नये म्हणून ती हलक्या आवाजात बोलली, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"फ्राउ सहस्रबुद्धे, आम्हाला माहीत नाही असं दाखवायचंय का?"

मागे पेन्सिलीचा आवाज थांबला होता. मालिनीला लाज वाटली, आणि ती हेर क्रेमरांची नव्हती. या मुलीला आपण काल काय शिकवलं ते तिला आत्ता समोर दिसत होतं. प्रश्न आत नेऊन ठेवायचा आणि पाहुण्यांपुढे ठरलेलं तेवढं मांडायचं. जन्मभर ज्या बाईने दिसेल त्याला 'का' विचारलं, तिने काल एका मुलीचा त्या महिन्यातला सगळ्यात चांगला 'का' मोडून टाकला होता.

खडू तिने खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली. "काही दाखवायचं नाही. हे आपण काल केलं. माझ्या देशात मी जिथे शिकवायचे तिथे साहेब येणार असले की तास आदल्या दिवशी करून घ्यायची पद्धत होती. मी ती इथे आणली. ती माझी चूक आहे." मागे बघायचं तिने टाळलं. "लेओनी, तुझा कालचा प्रश्न विचार."

लेओनीने आधी खात्री करून घेतली. "खरंच विचारू?"

"विचार."

"बॉलवर त्रिकोण काढला तर काय होईल?"

"मला उत्तर माहीत आहे," मालिनी म्हणाली, "पण ते तुमच्याकडून कसं काढून घ्यायचं ते माहीत नाही. तयारी केलेली नाही. बॉल आणा."

मधल्या सुट्टीसाठी वर्गाच्या कोपऱ्यात बॉल असायचाच. एम्रेने तो आणला. मालिनीने चिकटपट्टी घेतली आणि बॉलच्या माथ्यापासून खाली मध्यापर्यंत एक पट्टी लावायला सांगितली. तिथून वळायचं, मध्यावरून बॉलचा पाव भाग जायचं, पुन्हा वळायचं आणि परत माथ्यावर. तीन पट्ट्या, तीन कोपरे. कोन मोजायला मुलांनी आपापले कोनमापक काढले, पण सपाट प्लास्टिक बॉलवर टेकेना. तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलीने वहीच्या पानाचा कोपरा फाडला आणि चिकटपट्टीच्या कोपऱ्यात बसवून पाहिला. चपखल बसला. दुसऱ्यातही बसला. तिसऱ्यातही.

"नव्वद, नव्वद, नव्वद," एम्रे म्हणाला. "दोनशे सत्तर." मग त्याला राग आला. "पण या रेषा सरळ नाहीत. बॉलवर त्या वाकड्या आहेत. हे चालणार नाही."

"मुंगी त्यावरून चालली तर तिला कुठे वळावं लागेल?" मालिनीने विचारलं.

यावर जी वादावादी सुरू झाली ती तिच्या ताब्यात राहिली नाही. निम्मा वर्ग मुंगीच्या बाजूने, निम्मा एम्रेच्या. कुणी छोटा त्रिकोण काढून पाहिला, त्याची बेरीज दोनशे सत्तर भरेना, तेव्हा दोन्ही बाजू आणखी चिडल्या. या गोंधळात मालिनीच्या खांद्याजवळ कुणीतरी वाकलं. हेर क्रेमर होते. मागून दिसेना म्हणून ते उठून पुढे आले होते, आणि परीक्षकाने जागेवरून उठायचं नसतं हे फ्राउ हेबर्ले त्यांना डोळ्यांनी सांगत होत्या. घंटा झाली तेव्हा फळ्यावर एक त्रिकोण होता आणि निष्कर्षाचा पत्ता नव्हता.

नंतर एका छोट्या खोलीत तिघं बसले. मालिनी शेऱ्याची वाट बघत होती. हेर क्रेमरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्हाला स्वतःला तास कसा वाटला?"

अठरा वर्षांत कुठल्याही साहेबाने तिला हे विचारलं नव्हतं. काय म्हणायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून जे होतं ते सांगितलं. रंगीत तालीम, पोहे, उजवा हात, डावा हात. डाव्या हाताशी आल्यावर हेर क्रेमरांनी तिला थांबवून ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिला बाहेर बसायला सांगितलं. वीस मिनिटं ती गॅलरीतल्या बाकावर बसून होती. समोरच्या कपाटात मुलांनी केलेली मातीची घुबडं मांडली होती, ती तिने दोनदा मोजली. पहिल्यांदा सतरा आली, दुसऱ्यांदा अठरा.

निकाल होता चार. इथे एक सगळ्यात वरचा आणि पाचला नापास. चार म्हणजे काठावर, पण पास. आराखडा पाळला नाही, उद्दिष्ट गाठलं नाही, फळा अपुरा, वेळेचं भान नाही, असं हेर क्रेमरांनी एकेक वाचून दाखवलं आणि तिने मान डोलावली. सगळं खरंच होतं. कागद मिटताना ते म्हणाले, "मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. बॉलचं मला कुणी विचारलं नाही." मग पेन्सिल खिशात टाकली. "किंवा विचारलं असेल, आणि हे परीक्षेला नाही असं मी म्हणालो असेन."

घरी आल्यावर तिने पास झाल्याचं सांगितलं. शिरीषने मिठी मारली. अन्वीने चार म्हणजे काही फार भारी नाही हे जर्मनमध्ये सांगितलं आणि मग गळ्यात पडली. मालिनीला आनंद झाला होता, खूप झाला होता. तीन 'उत्कृष्ट' मिळाले तेव्हाही एवढा झाला नव्हता. पण हेर क्रेमरांचं शेवटचं वाक्य मनातून हलेना. चहा गॅसवर ठेवून तिने रुपेशला फोन लावला.

"पास झाले," ती म्हणाली. त्याचं अभिनंदन पुरतं व्हायच्या आत तिने विचारलं, "रुपेश, एक सांग. सातवीत साहेबांसमोर तू डावा हात वर करायचास. तुला तो पाठ खरंच येत नव्हता?"



"येत होता की, मॅडम," रुपेश म्हणाला. "पण मला उत्तर द्यायचं नसायचं, विचारायचं असायचं. त्याला तिसरा हात नव्हता ना."

मालिनी ओट्याला टेकून उभी राहिली. ते सगळे डावे हात तिला एकदम दिसले, अठरा वर्षांचे. त्यांच्यावरून नजर फिरवत ती उजवे शोधायची.

"काय विचारायचं होतं?" तिने विचारलं.

"जाऊ द्या, मॅडम. पोरकट होतं."

"सांग तरी."

"तुम्ही म्हणाला होतात, सगळ्या त्रिकोणांची बेरीज एकशे ऐंशी. आम्ही वर्गात पन्नासेक फाडले असतील. मला वाटायचं, जगातले बाकीचे कुणी मोजले?"

चहा उतू जायला आला होता. तिने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढली.

"थांब," ती म्हणाली. "कागद घेते. तूही घे."